टेप लावली, आता व्यायामाला लागा

मुंबई मॅरेथॉन सुटण्याआधी सीएसएमटीच्या परिसरात नजर टाकली, तर निळ्या, गुलाबी, काळ्या पट्ट्या चिकटवलेले कितीतरी गुडघे आणि पोटऱ्या दिसतात. कबड्डीच्या मॅटवर खांद्यांना त्याच पट्ट्या, बॅडमिंटन कोर्टावर कोपरांना त्याच. आता त्या खेळाडूंपुरत्या राहिलेल्या नाहीत. दिवसभर फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षिका, बाइकवरून खड्डे झेलत सामान पोचवणारी मुलं, जिना उतरताना कठडा घट्ट धरणाऱ्या आजी, कोणाच्याही हातात कोणीतरी हा रोल ठेवतं आणि सांगतं, "लावून तर बघा, दोन दिवसांत आराम पडेल."

आराम पडतो, हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे. पण तो किती पडतो, किती वेळ टिकतो आणि त्या आरामाचं पुढे करायचं काय, हे सांगणारं सहसा कोणी नसतं. माझ्या मते शेवटचा प्रश्नच महत्त्वाचा आहे. टेपमुळे दुखणं काही तास, फार तर काही दिवस मागे सरतं. त्या मोकळ्या वेळात तुम्ही स्नायूंना कामाला लावलंत, तर टेपचे पैसे वसूल झाले. नुसतेच सोफ्यावर बसलात, तर टेप निघाल्यावर दुखणं जिथल्या तिथे.

पट्टी आली कुठून

ही टेप जपानची. केन्झो कासे या कायरोप्रॅक्टरने १९७० च्या दशकात ती तयार केली. त्या काळी खेळाडूंना लावत ती पांढरी, न ताणणारी झिंक ऑक्साइडची टेप. तिने सांधा घट्ट बांधला जाई, पण हालचालही थांबे. रुग्णाला हालचाल करता यावी आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांतही उपचाराचा परिणाम टिकावा, यासाठी कासे यांना काहीतरी हवं होतं. त्यातून सुती कापडात लवचीक धागे विणलेली, लांबीत ताणली जाणारी पट्टी आली. तिच्या मागे अ‍ॅक्रिलिकचा गोंद असतो. तो सलग पसरलेला नसून लाटांच्या रेषांत लावलेला असतो, म्हणून घाम आणि हवा यांना थोडी वाट मिळते. गोंद शरीराच्या उबेने नीट धरतो. टेपमध्ये औषध मात्र कुठलंही नसतं. वेदनाशामक पॅच वेगळा आणि ही टेप वेगळी, हे दुकानात विचारून घ्या, कारण दोन्ही शेजारीशेजारी टांगलेले असतात.

जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये. अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श खांद्यावर काळ्या पट्ट्या लावून खेळली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. २०१२ च्या युरो स्पर्धेत इटलीच्या मारिओ बालोटेलीने जर्मनीविरुद्ध गोल मारून शर्ट काढला, तेव्हा त्याच्या पाठीवरच्या निळ्या पट्ट्या गोलाइतक्याच गाजल्या. असली दृश्यं पाहून टेपचा खप वाढला, पुरावा वाढला नाही.

रंगांबद्दल एवढंच, की त्यांचा परिणामाशी काही संबंध नाही. लाल रंग गरम आणि निळा थंड, असं सांगणारे भेटतात. हसून सोडून द्या आणि आवडेल तो रंग घ्या.

आराम कशामुळे पडतो

लहान मूल पडलं की आई पहिल्यांदा त्या जागेवर हात फिरवते, आणि रडणं खरोखर कमी होतं. त्वचेवरच्या स्पर्शाचे संदेश आणि वेदनेचे संदेश मज्जारज्जूत एकाच दाराशी येतात, स्पर्शाचे जास्त झाले की वेदनेची वाट थोडी अडते, अशी मांडणी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये केली. तिला 'गेट कंट्रोल' म्हणतात. पुढच्या काळात तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे. टेप लावल्यावर प्रत्येक हालचालीबरोबर त्वचा किंचित खेचली जाते आणि असा स्पर्शाचा संदेश दिवसभर जात राहतो. आराम पडण्याचं सर्वांत पटणारं कारण हे.

दुसरं कारण साधं आहे. कमरेवर पट्टी असली की वाकताना ती ओढल्यासारखी जाणवते आणि आपण सावध होतो, गुडघे वाकवून बादली उचलतो. तिसरं कारण विश्वास. कोणीतरी नीट तपासून, दहा मिनिटं देऊन, हाताने पट्टी लावली की शरीर सैलावतं. याला कोणी 'नुसता मनाचा खेळ' म्हणेल. पण दुखण्यात मनाचा वाटा मोठा असतो, आणि त्याने चार पावलं जास्त चालता येत असतील तर मला त्यात कमीपणा वाटत नाही.

टेपच्या जाहिरातींत मात्र वेगळंच कारण सांगतात. पट्टी त्वचेला वर उचलते, खाली जागा होते, रक्त आणि लसिका मोकळी वाहते, सूज उतरते आणि जखम लवकर भरते. टेप लावून सरळ उभं राहिलं की तिच्यावर ज्या बारीक सुरकुत्या पडतात, त्या याचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या १४८ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सुरकुत्या पडतील अशी ताणून टेप लावली, दुसऱ्याला न ताणता. दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं. दुसऱ्या वर्षी त्याच देशात घोटा मुरगळलेल्या ३६ खेळाडूंवर सूज उतरवणारी टेप लावून पाहिली, तर सुजेत फरक पडला नाही. त्यामुळे 'जखम लवकर भरते' हे वाक्य खोक्यावर वाचलंत तर त्यावर पैसे मोजू नका. जखम शरीर भरून काढतं. टेपचा त्यातला हातभार अप्रत्यक्ष आहे, म्हणजे ती तुम्हाला हलतं ठेवते.

खांद्याबद्दलचा पुरावा पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत २००८ मध्ये खांदा दुखणाऱ्या ४२ विद्यार्थ्यांवर चाचणी झाली. खरी टेप लावलेल्यांना हात न दुखता वर नेता येण्याचा कोन लगेच वाढला, पण पुढच्या दिवसांत खोटी टेप लावलेले आणि हे एकाच पातळीवर आले. २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने खांद्याच्या रोटेटर कफच्या दुखण्यावरच्या २३ चाचण्या, एकूण १,०५४ रुग्ण, एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की फायदा होतो की नाही हे ठामपणे सांगता येईल इतका दर्जेदार पुरावा नाही. गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या दुखण्यात मात्र थोडं बरं चित्र आहे. अमेरिकी फिजिओथेरपिस्टांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाटीला रुग्णानुसार बेतून लावलेली टेप व्यायामाच्या जोडीने वापरता येईल, पहिल्या साधारण चार आठवड्यांपुरती. त्यापुढे तिचा उपयोग नसावा, असंही तिथेच म्हटलं आहे.

थोडक्यात, तात्पुरता आराम खरा, बाकीचे दावे कच्चे. एवढं ठाऊक असेल तर टेप हे स्वस्त, बिनगोळीचं आणि नीट लावलं तर फारसं न बाधणारं साधन आहे. रोज वेदनाशामक गोळी घेऊन पोट आणि मूत्रपिंडं बिघडवण्यापेक्षा केव्हाही बरं.

टेपकडून न होणाऱ्या गोष्टी

झिजलेली कूर्चा ती परत आणत नाही. सरकलेली चकती जागेवर बसवत नाही. फाटलेलं लिगामेंट जोडत नाही. आणि सैल सांधा धरून ठेवणं हे तर ताणणाऱ्या टेपचं कामच नाही. घोटा वारंवार मुरगळणाऱ्या खेळाडूला न ताणणारी पांढरी टेप किंवा घोट्याचा ब्रेस लागतो, त्याने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण खरोखर कमी होतं. रंगीत टेप लावून 'आता पाय बांधलाय' या भरवशावर मैदानात उतरणं धोक्याचं आहे. क्रेप बँडेजचं काम पुन्हा वेगळं, ते दाब देऊन सूज आटोक्यात ठेवतं. या तिन्हींची अदलाबदल करू नका.

लावण्याआधी

आपल्याकडे दुखऱ्या जागेची पहिली पूजा तेलाने होते. निर्गुडीचं तेल, तिळाचं तेल, मग बाम, मग त्यावर गरम पाण्याची पिशवी. त्यावर टेप चिकटत नाही, आणि बाम चोळलेल्या त्वचेवर ती कशीबशी चिकटलीच तर खाली आग होते. आंबेहळदीचा लेप लावलेला असेल तर तोही पूर्ण धुऊन काढा. साबणाने धुवा, टॉवेलने टिपा, दहा मिनिटं वाऱ्यावर वाळू द्या. केस दाट असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करा. टेप लावण्याच्या लगेच आधी वस्तऱ्याने काढाल तर सूक्ष्म जखमांवर गोंद झोंबेल.

पहिल्यांदाच वापरत असाल तर हाताच्या आतल्या बाजूला दोन बोटांएवढा तुकडा लावून २४ तास ठेवा. खाज, पुरळ, लाली आली तर तुमच्या त्वचेला हा गोंद मानवत नाही. दुसरी कंपनी वापरून बघता येईल, पण पुरळ पुन्हा आलं तर हट्ट सोडा. चांगल्या टेपमध्ये लॅटेक्स नसतं, तरी ज्यांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी खोक्यावर तसं छापलेलं आहे ना, ते वाचूनच घ्यावं.

काही जणांनी घरच्या घरी टेप लावूच नये. उघडी जखम, गळू, लाल-गरम होऊन पसरणारा त्वचेचा संसर्ग, ताजी भाजलेली जागा, यांवर टेप नको. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल किंवा तशी शंका असेल तर नको. कर्करोगाची गाठ असलेल्या जागी नको. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने पायांना सूज असेल तर ती टेपने उतरवण्याचा प्रयत्न नको, त्या सुजेचा इलाज वेगळा असतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना फोड आला तरी कळत नाही, त्यांनी तळव्याला टेप लावू नये. वय झालेल्यांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, विशेषतः बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची. टेप काढताना ती सोलून निघते. आजीच्या गुडघ्याला टेप लावायचा उत्साह येईल तेव्हा आधी त्वचा चिमटीत धरून बघा. गरोदरपणातली कंबरदुखी फिजिओथेरपिस्टकडूनच हाताळून घ्यावी.

गुडघ्याला लावायची असेल तर

जिने उतरताना, बराच वेळ बसून उठताना किंवा धावताना वाटीच्या भोवती दुखतं, त्यासाठीची ही पद्धत. रोल ५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यातून साधारण २५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या आणि १५ सेंटिमीटरची एक कापा. चारही कोपरे कात्रीने गोल करा. कोपरे टोकदार राहिले तर पँटला अडकून तिथूनच टेप सुटायला लागते.

खुर्चीच्या कडेला बसा, गुडघा काटकोनात वाकवा. गुडघ्याखाली नडगीच्या वरच्या टोकाला एक उंचवटा हाताला लागतो, त्याच्या किंचित बाहेरच्या बाजूला पहिल्या पट्टीचं टोक बसवायचं. पट्टीच्या मागचा कागद टोकापासून चार-पाच सेंटिमीटरवर फाडा आणि तेवढा भाग अजिबात न ताणता चिकटवा. याला अँकर म्हणतात, आणि टेप टिकणार की सुटणार हे याच्यावर ठरतं. मग कागद काढत काढत पट्टी वाटीच्या बाहेरच्या कडेने वळवून मांडीवर न्या. मधल्या भागाला थोडासाच ताण द्या. शेवटचे चार-पाच सेंटिमीटर पुन्हा बिनताणाचे. दुसरी पट्टी त्याच तऱ्हेने आतल्या कडेने. दोन पट्ट्यांच्या कवेत वाटी दिसली पाहिजे, वाटीवर टेप नको. आडवी छोटी पट्टी वाटीच्या खाली, मधोमध कागद फाडून, मध्यावर निम्मा ताण देऊन लावा आणि दोन्ही टोकं सैल सोडा.

'थोडासा ताण' म्हणजे किती, हे समजायला रोलमधून १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, कागद काढा आणि पूर्ण ताणा. तो साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत जातो. आपल्याला लागतो तो त्यातला पाव हिस्सा, म्हणजे १० चे ११ आणि थोडं वर. कागदावर असतानाच टेप किंचित ताणलेली असते, त्यामुळे नवख्या माणसाचा हात नेहमी जास्तच ओढतो. जास्त ताणली की जास्त गुण, हा समज चुकीचा आहे. फोड येतात ते बहुधा जास्त ताणामुळे आणि त्यातही टोकांपाशी.

लावून झालं की तळहाताने पट्टीवरून अर्धा मिनिट चोळा, गोंद उबेने धरतो. उठून दोन-चार वेळा गुडघा वाकवा. खेचल्यासारखं वाटलं, पाऊल बधिर झालं किंवा मुंग्या आल्या तर काढून पुन्हा लावा. घाम येणाऱ्या कामाला किंवा धावायला जाण्याआधी अर्धा-एक तास तरी मध्ये जाऊ द्या.

कमरेला लावायची तर एकट्याचं काम नाही, घरातल्या कोणाला तरी हाताशी घ्या. टेबलाला हात टेकून पुढे झुका. कण्याच्या दोन्ही बाजूंना, कण्यावर नव्हे, कुल्ह्याच्या वरपासून बरगड्यांच्या खालपर्यंत दोन उभ्या पट्ट्या लावून घ्या. पाठ आधीच वाकलेली असल्याने पट्टी वेगळी ताणायची गरज नसते. सर्वांत जास्त दुखतं त्या पातळीवर एक आडवी पट्टी. उसण भरली असेल आणि पुढे झुकताच येत नसेल तर त्या दिवशी टेपच्या मागे लागू नका. शेक, हळूहळू चालणं आणि एक-दोन दिवस धीर धरणं जास्त कामाचं.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावलं टाकली की टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते, त्या टाचदुखीसाठी पाऊल नडगीकडे वर ओढून धरा. बोटांच्या मुळाशी असलेल्या गादीपासून तळव्यावरून टाचेला वळसा घालून पोटरीच्या खालपर्यंत एक पट्टी, आणि तळव्याच्या कमानीखालून बाहेरून आत वर उचलणारी दुसरी. पावसाळ्यात, आणि कोकणात तर वर्षातले कितीतरी महिने, तळव्यावरची टेप एका दिवसात गोळा होते. तिथे मोजे आणि बंद बूट असतील तरच तिचा उपयोग.

आराम पडला, आता

टेप लावल्यावर दुखणं समजा दहापैकी सहावरून चारवर आलं. आता पुढच्या तीन दिवसांत काय करायचं?

गुडघ्याचं दुखणं असेल तर मांडीच्या पुढचा स्नायू आणि कुल्ह्याचे स्नायू बळकट करायचे. भिंतीला पाठ टेकून गुडघे थोडे वाकवून उभं राहा, खुर्चीत बसल्यासारखं, पण दुखणार नाही इतकंच खाली. २० ते ३० सेकंद, पाच वेळा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, दहा-दहा वेळा. एका पायरीवर चढणं आणि सावकाश उतरणं. उतरताना गुडघा आत वळतो का, हे आरशात बघा, कारण बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच असतं. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत गेलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं असेल तर मात्रा कमी करा.

टाचदुखीला डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तपासलेला एक व्यायाम मला फार आवडतो, कारण त्याला फक्त जिन्याची पायरी आणि एक टॉवेल लागतो. टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवा, त्यावर पायाची बोटं वर उचललेली राहतील असं पाऊल ठेवा, टाच हवेत. तीन सेकंद मोजत टाच वर उचला, दोन सेकंद तिथे थांबा, तीन सेकंद मोजत खाली आणा. सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग एका पायावर, ताकद आली की पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन. दिवसाआड करायचा. त्यांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी हा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरंच कमी झालं होतं. तीन महिने म्हटल्यावर चेहरा पडतो, हे मला माहीत आहे. पण टाच दोन दिवसांत दुखायला लागलेली नसते, त्यामुळे दोन दिवसांत थांबणारही नाही.

कमरेसाठी चालणं. आधी दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, मग वाढवत न्या. टेप आहे म्हणून गव्हाचं पोतं उचलायला जाऊ नका.

धावणाऱ्यांना आणि वारीला जाणाऱ्यांना एक वेगळी सूचना. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट असो की २१ किलोमीटरची शर्यत, टेप त्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. दोन-तीन आठवडे आधी सरावात लावून पाहा, म्हणजे कुठे घासते, कुठे सुटते ते कळेल. आणि टेपमुळे दुखणं दबलं म्हणून ठरवल्यापेक्षा जास्त अंतर कापू नका. शरीराने दिलेला इशारा कमी ऐकू येतोय, हे तेव्हाही लक्षात असू द्या.

किती दिवस, आणि काढायची कशी

एकदा लावलेली टेप तीन ते पाच दिवस राहते, आपल्या घामाच्या हवेत तीनच धरा. अंघोळ चालते. नंतर टॉवेलने टिपा, चोळू नका, हेअर ड्रायर लावू नका. टेप असताना त्यावर गरम पाण्याची पिशवीही नको. कड सुटली तर तेवढीच कापा. खाज सुटली, जळजळ झाली, कडेला लाली दिसली तर पाच दिवस पूर्ण करण्याचा संकल्प करू नका, लगेच काढा.

लोक काढताना घाई करतात. जखमेवरची पट्टी झटक्यात उपटायची सवय इथे उपयोगाची नाही. अंघोळीत टेप भिजवा किंवा कडेला खोबरेल तेल लावून पाच-दहा मिनिटं थांबा. केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेने, एका हाताने त्वचा दाबून धरत, टेप स्वतःवरच दुमडत सोडवा. टेप वर ओढायची नाही, त्वचा टेपपासून मागे सारायची. पुन्हा लावण्याआधी त्वचा निदान एक दिवस मोकळी ठेवा. वापरलेली टेप दुसऱ्यांदा चिकटत नाही, त्यामुळे जपून ठेवण्यात अर्थ नाही.

टेप बाजूला ठेवायची वेळ

घोटा मुरगळल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. कॅनडातल्या ओटावा इथे ठरलेला हा नियम जगभरच्या अपघात विभागांत वापरतात. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर ती नुसती आखडलेली पोटरी नसेल, शिरेतली गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद गेली तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. डाव्या खांद्यात किंवा हातात दुखतंय, घाम फुटलाय, छातीवर दडपण आहे, तर तिथे टेप शोधण्यात एक मिनिटही घालवू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, कारण नसताना घटणारं वजन, यांनाही टेपने झाकू नका.

यातलं काहीच नसेल, तरी टेप आणि व्यायाम मिळून दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर दुसरा रोल विकत घेऊ नका. त्याच पैशांत बहुधा एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवता येतं, आणि टेप कशी लावायची तेही त्यांच्याच हाताखाली शिकता येतं. जाण्याच्या आदल्या रात्रीच टेप काढून ठेवा. खालची सूज आणि त्वचेचा रंग त्यांना दिसायला हवा, आणि टेप नसताना किती दुखतं हे तुम्हालाही सांगता यायला हवं.